ल कोणाचा? (टायपांच्या खेळावरून घरात लागलेलं भांडण)

जिरावणवाली

मंडळी, हा धागा तंत्रज्ञानात टाकावा, खेळात की भाषेत, ते न कळल्याने इथे टाकते आहे. संपादकांनी हवा तिथे हलवावा.

देवासहून भाची आली आहे, सुट्टी आहे तोवर मुक्काम इंदूरला, आमच्याकडे. वय बारा. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून तिला टॅबलेट दिला आणि वर "काहीतरी शिकायचं खेळ" असं मावशीछाप बजावलं. तिने शोधून काढला 'टाइप:रायडर'. २०१३ चा जुना खेळ आहे, आर्ते या युरोपातल्या वाहिनीच्या साथीने केलेला. त्यात तुम्ही माणूस नाही, गाडी नाही, तुम्ही म्हणजे दोन ठिपके. इंग्रजीतला कोलन. भाची त्याला विसर्ग म्हणते. हा विसर्ग गडगडत, उड्या मारत अवाढव्य अक्षरांवरून पलीकडे न्यायचा. वाटेत ए ते झेड गोळा करायची आणि तारका सापडली की त्या टायपाच्या (म्हणजे छापील अक्षराच्या वळणाच्या) इतिहासाचं एक पान उघडतं. एकेका टप्प्याला एकेक टाइप: आधी गुटेनबर्गच्या काळातली काळीकुट्ट गॉथिक, मग गॅरामॉं, दिदो, असं करत पार कॉमिक सॅन्सपर्यंत.

मला वाटलं ती पानं कोण वाचतंय! पण चौथ्या दिवशी राजवाड्याला गेलो तर पार्किंगच्या पाटीसमोर ही उभी राहिली. "मावशी, ही हेल्व्हेटिका नाही, एरियल आहे." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे छोट्या टी चं डोकं बघ, एरियलमध्ये ते तिरकं कापलेलं असतं, हेल्व्हेटिकामध्ये सरळ. आणि मोठ्या आर चा पाय बघ, हेल्व्हेटिकाचा खाली येऊन उभा राहतो, एरियलचा तिरका पळतो. मी वीस वर्षं त्या रस्त्याने जाते. आर ला पाय असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचा प्रश्न अर्थातच आला. "आणि त्या खालच्या हिंदी ओळीचा टाइप कोणता?"

माझी बोलती बंद.

म्हणून आम्ही आमचाच खेळ केला. दोन संध्याकाळी स्कूटरवर फिरून सराफा, मल्हारगंज, छत्रीबाग इथल्या पाट्यांचे फोटो काढले. प्रत्येक फोटोतून एकच अक्षर कापलं, अशा चोवीस चिठ्ठ्या छापल्या. अक्षर ओळखलं तर एक गुण, पाटी रंगवलेली की संगणकावरची हे सांगितलं तर आणखी एक, दुकान कसलं याचा अंदाज बरोबर आला तर तिसरा. खेळायला मी, भाची आणि आई (म्हणजे भाचीची आजी). आठ चिठ्ठ्या सुखाने गेल्या. आईने नुसत्या जाड, फुगीर 'क' वरून "मिठाईवाला" सांगितलं आणि ते बरोबर निघालं!

नववी चिठ्ठी होती ल.

आई म्हणाली, "हा ल नाही."
भाची म्हणाली, "मग काय आहे? शाळेत हाच तर शिकवतात."
आई म्हणाली, "हा हिंदीचा ल. मराठीचा असा नसतो." आणि पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला तिचा ल काढून दाखवला.

चहा थंड झाला, भांडण मात्र नाही. ज्ञानी लोकांनी सांगावं: गुण कोणाला?

---

दीड_शहाणा

पहिला. 😀

एक प्रामाणिक शंका. टाइप कोणता हे कळून नक्की काय मिळतं? पोह्यांच्या गाडीवरचं 'पोहे' हेल्व्हेटिकात लिहिलं म्हणून चव बदलते का? मुलांनी मैदानात खेळावं असं आमचं मत.

---

जिरावणवाली

मैदानात ४२ डिग्री आहे, तुम्ही जाऊन या आधी.

---

शब्दवेडी

@दीड_शहाणा, चव बदलत नसेल, विश्वास बदलतो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात कोणाच्या तरी निधनाची सूचना कॉमिक सॅन्समध्ये लागली होती. लोक हसू दाबत उभे. त्या बिचाऱ्या टायपाचा तरी काय दोष? व्हिन्सेंट कॉनेर यांनी मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा बघितला, त्याच्या तोंडची वाक्यं टाइम्स न्यू रोमनमध्ये होती. कुत्रा असा अग्रलेखासारखा बोलेल का, म्हणून त्यांनी १९९४ मध्ये हा टाइप काढला. कुत्र्यासाठी शिवलेला सदरा लोकांनी पुरोहिताला घातला.

जिरावणताई, भाचीला शाबासकी. ल बद्दल मी तुमच्या आईंच्या बाजूने. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

एन्कोडिंगराव

मजेदार धागा. आता यातली गंमत अशी की तुम्ही ज्या दोन ल वरून भांडता आहात ते दोन्ही या धाग्यात दाखवताच येणार नाहीत. एकाच प्रतिसादात मी दोन्ही टंकू शकत नाही.

युनिकोडच्या लेखी ल एकच आहे, क्रमांक ०९३२. युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, चेहरा देत नाही. चेहरा फॉन्ट देतो. त्यामुळे मी इथे 'ल' लिहिला तर कोणाला दोन पाकळ्यांचा दिसेल, कोणाला उजवीकडे उभा दंड असलेला. ज्याच्या त्याच्या यंत्रावर जो फॉन्ट असेल तसा. विंडोज २००० पासून बहुतेकांनी देवनागरी पाहिली ती मंगल फॉन्टमध्ये, र. कृ. जोशींनी केलेल्या. त्यातला ल दंडाचा. एका अख्ख्या पिढीची नजर तिथेच बसली.

उपाय आहे. चांगल्या फॉन्टांत त्या एका क्रमांकामागे दोन्ही चित्रं ठेवलेली असतात. पानाची भाषा 'मराठी' अशी खूण केली की पाकळीचा ल बाहेर येतो, 'हिंदी' म्हटलं की दंडाचा. तेच श चं. फक्त पान बनवणाऱ्याने भाषा सांगायला हवी, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. कॉपी-पेस्ट करून मराठी मजकूर, खूण इंग्रजीची.

आता हजेरी घेऊ. तुम्हाला हा शब्द कसा दिसतो ते लिहा: लाल

---

शब्दवेडी

मोबाइलवर दंड.

---

मांडवीकर

दंड.

---

दीड_शहाणा

मला लाल दिसतोय. रंग काळा आहे.

---

खिळेजुळव्या

मला पाकळी. पण माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, त्यामुळे साक्ष धरू नये.

थोडं विषयाला धरून लिहितो. आमचा छापखाना होता मल्हारगंजात, वडिलांचा. मी दहावीपासून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. ऑफसेट छपाई आली तेव्हा धंदा गुंडाळला. जिरावणताईंच्या भाचीने आर चा पाय पाहिला, आम्हाला तर अक्षर बोटांनी कळायचं. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं. स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) डाव्या हातात, खिळे उजव्या हाताने, आणि ओळ लावायची तीही डोक्यावर उभी, म्हणजे वाचायची डावीकडून उजवीकडेच पण अक्षरं शीर्षासनात. खिळ्याच्या एका अंगाला खाच असते. ती अंगठ्याला लागली की समजायचं, खिळा सरळ बसला. नवा पोरगा आला की वडील त्याच्यापुढे ध, घ, भ, म चा ढीग ओतायचे आणि डोळे मिटून नाही, उघडे ठेवूनच वेगळे कर म्हणायचे. निम्मे चुकायचे. तुमचा तो खेळ आम्ही मूठभर शिशावर खेळलो आहोत.

आता ल. आमच्याकडे दोन्ही होते. हिंदी कामाच्या केस (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) वेगळ्या, मराठी कामाच्या वेगळ्या, एकीवर एक. हिंदी काम म्हणजे दुकानांची बिलं, हँडबिलं, शाळांची प्रगतिपुस्तकं. मराठी काम म्हणजे लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, कधीमधी एखादा कवितासंग्रह (कवी पैसे बुडवायचे). मराठीचा टाइप मुंबईच्या वळणाचा. ते वळण मुळात निर्णयसागरचं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत तो छापखाना काढला, रानोजी रावजी आरू यांनी त्या टायपाचे ठसे कापले आणि पुढे शंभर वर्षं मराठी माणसाला अक्षर म्हटलं की तेच डोळ्यांपुढे आलं. हिंदीकडे कलकत्त्याच्या वळणाचा शिरस्ता. फक्त ल-श नाही, अ, झ, ण आणि पाच-आठचे आकडेही वेगळे. अर्धा र तर हिंदीच्या केसमध्ये नसायचाच, 'वाऱ्यावर' जुळवायचं म्हणजे वरची केस उघडा.

तेव्हा ताई, तुमच्या आई बरोबर आणि भाचीही बरोबर. इंदुरात दोन्ही ल राहायचे, एकाच भिंतीला पाठ लावून.

---

जिरावणवाली

काका, हा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. "वरची केस" ऐकून ती इतकी खूश झाली की रात्री शिरा केला. तिचं म्हणणं, मराठी वरच्या केसमध्येच असणार.

---

मांडवीकर

बडोद्याहून रामराम. फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट केलं, आता पोटासाठी पॅकेजिंग करतो.

भाचीला पुढचा खेळ सुचवतो: कर्न टाइप. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो. एक शब्द येतो, अक्षरं वेडीवाकडी अंतरं ठेवून उभी. पहिलं आणि शेवटचं हलत नाही, मधली सरकवून अंतर डोळ्याला सारखं करायचं. मग तो जाणकाराचं उत्तर तुमच्यावर ठेवून शंभरपैकी गुण देतो. पट्टीने मोजलंत तर नापास! कारण टी आणि ए च्या मधली हवा तिरकी असते, ती मोजायची नसते, ओतून बघायची असते. आम्हाला सर सांगायचे, अक्षरांच्या मध्ये वाळू भरली असं समजा, प्रत्येक फटीत सारखी वाळू मावली पाहिजे.

देवनागरीत हा खेळ जसाच्या तसा चालणार नाही. शिरोरेषा आहे ना. अक्षर जरा लांब सरकवलं की वरची रेघ तुटते. म्हणून देवनागरी फॉन्ट करणारे प्रत्येक अक्षराची रेघ शेजाऱ्याच्या हद्दीत केसभर घुसवून ठेवतात, नाहीतर छापताना सांध्यात पांढरी चीर दिसते. आमच्या गुजरातीत रेघच नाही, तिथे वाळूचा हिशेब थोडा इंग्रजीसारखा. बडोद्यात एकाच पाटीवर गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असलं की तिघांची तीन तंत्रं, आणि बहुतेक पेंटर तिघांनाही एकाच काठीने हाकतात.

आणखी एक गोष्ट भाचीला दाखवा. टाइम्सचा मोठा ए घ्या: डावी तंगडी बारीक, उजवी जाड. रुंद टोकाच्या लेखणीने डावीकडून उजवीकडे खाली येणारी रेघ जाड पडते, तो संस्कार छापील अक्षरातही उरला. आपल्या बोरूचं टोक उलट्या बाजूने तिरकं कापतात, म्हणून देवनागरीत बरोबर उलटं: उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड. पुष्कळ स्वस्त फॉन्टांत इंग्रजीचा जाडबारीकपणा देवनागरीला जसाच्या तसा चिकटवलेला असतो. काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण अक्षर डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताने लिहिल्यासारखं दिसतं. चिठ्ठ्यांच्या खेळात याला जास्तीचा गुण ठेवा.

---

टंकनपरीक्षार्थी

इंदूरचाच. सरकारी नोकरीच्या टायपिंगची तयारी करतोय, क्लासमध्ये अजून कृतिदेव हा जुना हिंदी फॉन्ट शिकवतात. एन्कोडिंगराव म्हणाले की युनिकोडमध्ये क्रमांक एक आणि चेहरे अनेक. कृतिदेवमध्ये याच्या उलट दुःख आहे भिया. तिथे आत सगळी इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा. 'कमल' लिहा आणि फॉन्ट बदला, खाली निघतं डी ई वाय. मी एकदा आत्याला फाइल पाठवली, तिच्या संगणकावर कृतिदेव नव्हता. आत्याने फोन करून विचारलं, मांजर चाललं का रे कीबोर्डवरून?

मुखवटा काढायचाही खेळ करता येईल. पाच ओळी इंग्रजी कचरा द्यायचा, मूळ हिंदी ओळखा. आमच्या क्लासमधले तिघं तरी सरळ वाचतील.

---

दीड_शहाणा

कबूल करतो, काल पोहे खाताना गाडीवरच्या पाटीकडे बघत बसलो. प च्या पोटात किती जागा आहे वगैरे. जिलबी गार झाली. या धाग्याला जबाबदार धरण्यात येत आहे.

---

जिरावणवाली

दुसरी फेरी झाली, अहवाल देते.

काकांचं ऐकून ध-घ, भ-म च्या सोळा चिठ्ठ्या केल्या. युक्ती शिरोरेषेत आहे. ध आणि भ च्या डाव्या बाजूला रेघ थांबते, घ आणि म ची सलग जाते. म्हणून अक्षराचा फक्त वरचा अर्धा भाग ठेवून खालचा कापून टाकला. भाची सोळापैकी चौदा. आई सोळा. मी अकरा, आणि मी बँकेत कागद वाचायचा पगार घेते.

मांडवीकरांची वाळू घरी करून पाहिली. 'इंदूर' मोठ्या आकारात छापून अक्षरं कात्रीने सुटी केली आणि टेबलावर पुन्हा जुळवली. रेघ काही केल्या जुळेना, दर सांध्यात फट. मग भाचीनेच पुन्हा छापून घेतलं आणि कापताना रेघेला दोन मिलिमीटर शेपूट ठेवून एकावर एक चढवली. फॉन्टवाले हेच करतात हे तिला मी नंतर वाचून दाखवलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

ल चा नियम असा ठरला होता की दोन्ही ल बरोबर, पण कोणत्या वळणाचा ते सांगितलं तरच गुण. आईला हे मान्य नव्हतं. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला आहे, २००९ मध्ये, हे तिला कोणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं आपण मध्य प्रदेशात राहतो. ती म्हणाली, "अक्षर राहतं का मध्य प्रदेशात?"

आणि मग ती उठून आत गेली, ट्रंकेतून स्वतःची लग्नपत्रिका घेऊन आली. १९६८, इथेच इंदुरात छापलेली, पिवळी पडलेली, कोपऱ्याला हळद-कुंकू अजून आहे. "बघ, मराठी ल कसा असतो ते."

भाचीने भिंग लावलं. 'कुलदैवत', पाकळी. 'लग्न', पाकळी. 'मुलगी', पाकळी. आई विजयी मुद्रेने बसलेली. शेवटून तिसरी ओळ 'मंगल कार्यालय'. मंगलचा ल पाकळीचा. कार्यालयचा ल दंडाचा. त्याखाली पत्त्यातले सगळे ल दंडाचे.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "छापणाऱ्याची चूक." भाची म्हणाली, "आजी, म्हणजे तुझं लग्न अर्धं हिंदीत झालं."

काका, छापणारा चुकला का?

---

खिळेजुळव्या

चुकला नाही हो. त्याचे ल संपले.

खिळे वजनावर यायचे, एकेका अक्षराचा साठा ठरलेला. लग्नसराईत एका वेळी आठ-दहा पत्रिका जुळवून तयार, छापून होईपर्यंत त्या सुटायच्या नाहीत. आणि पत्रिकेत ल किती लागतो बघा: लग्न, मंगल, कार्यालय, कुलदैवत, मुलगा, मुलगी, 'आपला', 'आपली', 'सहकुटुंब यावे' तेवढा एक कोरडा. वैशाखात पहिला ल संपायचा, मग अर्धा य. गिऱ्हाईक दारात उभं, संध्याकाळी वाटायला निघायचंय. मग खालची केस ओढायची आणि हिंदीचा ल लावायचा. उंची सारखी असली की झालं, वाचणाऱ्याला कळत नाही. सत्तावन्न वर्षं कळलं नाही, बघा.

आईंना नमस्कार सांगा. पत्रिकेच्या अगदी खाली, बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असेल. मल्हारगंज असेल तर मला कळवा, मग ती केस मी ओढली असण्याची शक्यता नाही, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, पण वडिलांनी नक्की ओढली असेल.

---

जिरावणवाली

नाव आहे, पण घडीवर आलंय आणि तिथे कागद विरलाय. 'म' दिसतो, पुढे काहीतरी, आणि शेवटी 'गंज'. भाची भिंग घेऊन बसली आहे. मधे ल आहे म्हणते, कोणता ते अजून सांगत नाहीये.

---

एन्कोडिंगराव

फोटो टाका!!

---

दीड_शहाणा

माझा पैसा दंडावर.